बांधलेल्या इंजिनातील तेलाचा दाब

परळी वैजनाथ हे रेल्वेचे जुने स्थानक बीड जिल्ह्यातलेच, परंतु जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बीड शहरात अहिल्यानगरकडून प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर बालाघाटच्या डोंगररांगेवरील आणि गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यांतील गावांचे दळणवळण एसटी, ट्रक आणि काळी-पिवळी जीप यांच्यावरच चालले, आणि खेड्यापाड्यांत ते आजही तसेच आहे. या जीपगाड्यांच्या एका पिढीत, विशेषतः महिंद्राच्या एमएम ५४० या गाडीत, फ्रेंच प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन असे. नावातील ४ हा सिलिंडरांचा आणि ९० हा बोअरच्या मिलिमीटरचा आकडा. एकूण क्षमता २११२ घन सेंटीमीटर. असे इंजिन झिजले म्हणून गाडी मोडीत निघत नाही, तर इंजिन ‘बांधले’ जाते; म्हणजे लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलतात, क्रँक घासून गुळगुळीत करतात आणि तिच्याभोवती नव्या बेअरिंगा बसवतात. एवढा खर्च होऊनही मांजरसुंब्याचा घाट चढून आलेली गाडी थांब्यावर उभी राहताच तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर दोष नेमका कोठे शोधायचा हा गॅरेजमधील अवघड प्रश्नांपैकी एक ठरतो.

अवघड अशासाठी की, मीटरचा काटा ज्या ठिकाणाबद्दल बोलतो असे वाटते, त्या ठिकाणाबद्दल तो बोलत नसतो. दाब पंप निर्माण करतो हा समज सार्वत्रिक असला, तरी पंपाचे काम तेल ढकलण्याचे. त्या प्रवाहाला इंजिनातील फटी जेवढा अडथळा करतात तेवढा दाब तयार होतो. क्रँकचा गोल भाग, म्हणजे जर्नल, ५० मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याच्या आणि बेअरिंगच्या मधली फट साधारण ०.०५ मिलिमीटर ठेवली जाते. अशा अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, आणि पंप कोरा करकरीत असला तरी काटा खाली येतो. शिवाय जर्नलचा भार हा मीटरवरचा दाब पेलतच नाही. ब्रिटिश अभियंता बीचम टॉवर याने १८८३ मध्ये रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना तिला पाडलेल्या छिद्रात लाकडी बूच ठोकले, तेव्हा आतल्या तेलाने ते बूच बाहेर ढकलले. फिरणारा आस स्वतःच तेल फटीत ओढून प्रचंड दाबाचा थर तयार करतो, हे त्यातून दिसले आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. पंपाचे काम त्या थराला तेल पुरवत राहण्याचे आहे, आणि हा पुरवठा फटींच्या मानाने पुरतो की नाही, एवढेच काटा सांगतो.

म्हणून तपासाचा आरंभ काट्यावरच संशय घेऊन करावा लागतो. विजेवर चालणारा मीटर, त्याचा सेन्सर आणि दिव्याचा स्विच हे तिन्ही फसवू शकतात. त्यामुळे सेन्सर काढून त्याच जागी नळीचा साधा यांत्रिक गेज जोडणे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर नोंद घेणे आवश्यक असते. मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला दहा पौंड, म्हणजे सुमारे ०.७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, हा ठोकताळा बहुतेक जुन्या इंजिनांना लागू पडतो, मात्र कंपनीच्या पुस्तकातील आकडा हाती असेल तर तोच प्रमाण मानावा. आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलकी असते. थंड इंजिनात चांगला असणारा दाब तापल्यावर आयडलला कोसळत असेल आणि रेस वाढवताच सावरत असेल, तर संशय फटींवर किंवा पातळ झालेल्या तेलावर जातो. रेस कितीही वाढवली तरी दाब एका मर्यादेवर अडत असेल, तर जादा तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीत, सोडणारा रिलीफ वॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकलेला असू शकतो. काटा सारखा थरथरत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढत असतो.

नव्याने बांधलेल्या इंजिनात झिजेपेक्षा जुळणीतल्या चुका अधिक सापडतात. क्रँक घासली की तिचा व्यास १०, २० किंवा ३० थाऊने (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी होतो आणि तेवढ्याच अंडरसाइज मापाच्या बेअरिंगा लागतात. हे माप बेअरिंगच्या पाठीवर कोरलेले असते, परंतु डब्यावरच्या आकड्यावर विसंबून पाठ न पाहण्याची सवय महागात पडते. मेन बेअरिंगच्या टोप्यांची अदलाबदल झाली, तर वर्तुळाचा नेमकेपणा जातो. तेलाच्या मुख्य वाहिनीची साफसफाई करताना काढलेला एखादा प्लग परत बसवायचा राहिला, तर सारी गळती तेथूनच होते, आणि बाहेरून ती दिसतही नाही. कॅमच्या बुशाचे छिद्र वाहिनीशी जुळले नाही, तर काटा दाब व्यवस्थित दाखवतो आणि बुश मात्र तेलावाचून जळते. हा दोष सर्वांत फसवा म्हणावा लागेल. पंपाच्या चोषणनळीचे गॅस्केट बेताचे बसले किंवा चेंबरला पोचा येऊन जाळी तळाला टेकली, तर नवा पंपही उपाशी राहतो.

तेलाचा विचार बीडच्या उन्हाळ्यात टाळता येत नाही. १५डब्ल्यू-४० प्रतीचे तेल ४० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकेच ते १०० अंशांवर उरते. एप्रिल-मेच्या उन्हात जादा प्रवासी घेऊन घाट चढणाऱ्या इंजिनात ते याहूनही तापते. गळक्या इंजेक्टरमधून किंवा फीड पंपाच्या फाटलेल्या पडद्यातून डिझेल चेंबरमध्ये उतरले, तर पातळपणात भर पडते. अशा वेळी डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, आणि तेलाला डिझेलचा वास येतो. यावर दाट तेल भरणे किंवा रिलीफ वॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणे हे उपाय सर्रास केले जातात. वॉशरने आयडलचा दाब वाढत नाही, कारण त्या वेळी वॉल्व्ह मुळात बंदच असतो. दाट तेलाने काटा वर येतो, पण फट तेवढीच राहते. उसाच्या हंगामावर निघालेल्या मालकाची घाई समजण्यासारखी असली, तरी हा उपचार रोगापेक्षा काट्यावरच होतो.

चेंबर उतरवल्यावर मात्र अंदाजाचे काम संपते. पंपाच्या दात्यांच्या वरची फट सरळपट्टी आणि फीलर गेजने मोजता येते, आणि झाकणावर चर पडले असतील तर ते घासून सपाट करता येते. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा जर्नलवर ठेवून टोपी ठराविक ताणाने आवळली, की चपट्या झालेल्या धाग्याच्या रुंदीवरून फट वाचता येते. दाबलेल्या हवेच्या टाकीतून बाहेरूनच वाहिनीत तेल सोडून खालून पाहण्याची रीत त्याहून बोलकी आहे: निरोगी बेअरिंगमधून थेंब ठिबकतात आणि सैल बेअरिंगमधून धार लागते. जुळणीनंतर इंजिन सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून दिवा विझेपर्यंत ते स्टार्टरने फिरवावे लागते, कारण कोरड्या बेअरिंगांना पहिले काही सेकंदच जड जातात. पहिल्या धावेनंतर तेलाचा फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरला, तर आतली स्थिती कळते: जुळणीनंतरची थोडी लोखंडी भुकटी अपेक्षित असते, चंदेरी मऊ कण बेअरिंगच्या वरच्या थराचे असतात, आणि तांबूस कण त्याखालच्या थराचे, हे शेवटचे दिसल्यावर काटा काहीही दाखवत असला तरी चेंबर पुन्हा उतरवावेच लागते.