इस्लामी सुलेखनकलेची परंपरा

दख्खनमधील जुन्या मशिदी, दर्गे आणि किल्ल्यांचे दरवाजे यांवर अरबी-फारसी शिलालेख आढळतात. लिपी न जाणणाऱ्यास ते वेलबुट्टीसारखे भासतात. वस्तुतः हे काटेकोर मापात बांधलेले लेखन आहे. कुराणाची शुद्ध व सुंदर प्रत लिहिणे हे पुण्यकर्म मानले गेले. शिवाय धर्मस्थळांत सजीवांच्या आकृती वर्ज्य असल्याने शोभेचे कार्यही अक्षरांकडे आले. त्यामुळे इस्लामी जगात सुलेखनाला अग्रमान मिळाला.

अक्षरांचे माप

कुराणाच्या आरंभीच्या प्रती कोनदार ‘कूफी’ शैलीत लिहिल्या जात. पुढे बगदादच्या अब्बासी खलिफांचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ. स. ९४०) याने गोलाईच्या लेखनाला प्रमाणबद्ध केले. तिरपे छाटलेले बोरूचे टोक कागदावर टेकविले की चौकोनी ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजेच माप. ‘अलिफ’ या उभ्या अक्षराची उंची किती ठिपक्यांची, हे शैलीनुसार ठरते. तीच उंची व्यास मानून काढलेल्या वर्तुळावरून इतर अक्षरांची वळणे ठरतात. म्हणून बोरू जाड असो वा बारीक, प्रमाण ढळत नाही. ग्रंथलेखनासाठी ‘नस्ख’, तर इमारतींसाठी ‘सुलुस’ शैली विशेष रूढ झाली. इराणात विकसित झालेली ‘नस्तालीक’ फारसी काव्याची आणि पुढे उर्दूची शैली ठरली.

बोरू, काजळी व डिंकाची शाई आणि घोटून गुळगुळीत केलेला कागद ही या कलेची साधने. शिष्य वर्षानुवर्षे अक्षरे गिरवीत असे. गुरूची ‘इजाजत’ मिळाल्यावरच त्याला स्वतःच्या लेखनावर सही करता येई. कलम, दौत, शाई, कागद, दप्तर हे मराठीतील शब्दही अरबी-फारसी लेखनव्यवहाराचीच देणगी होत.

दख्खनमधील वारसा

बहमनी राजधानी बीदर येथे या कलेचे उत्तम नमुने आहेत. महमूद गवानच्या मदरशाच्या (१४७२) दर्शनी भागावर रंगीत कौलांत घडविलेली अक्षरे आजही अंशतः टिकून आहेत. जवळच्या अष्टूर येथे अहमदशहा वलीच्या (मृत्यू १४३६) कबरीच्या अंतर्भागात रंगीत सुलेखन आहे. विजापूरच्या इब्राहीम रोझ्यात तर खिडक्यांच्या दगडी जाळ्याच अक्षरांच्या घडविल्या आहेत.

जतनाची निकड

२०२१ साली १६ देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून अरबी सुलेखनाचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. परंतु गावोगावच्या शिलालेखांचे भवितव्य गावाच्याच हाती आहे. या लेखांत बहुधा बांधणाऱ्याचे नाव, हिजरी सन किंवा दानाची नोंद असते. ती त्या गावाच्या इतिहासाची अस्सल साक्ष होय. ब, प, त ही अक्षरे केवळ ठिपक्यांची संख्या व जागा यांवरून ओळखली जातात. दगडावरील उठावाची ही अक्षरे चुन्याच्या थरांखाली बुजली की ठिपके हरवतात आणि नावच वाचता येईनासे होते.

यासाठी शिलालेखावर चुना वा तैलरंग लावू नये आणि तो खरवडूही नये. जीर्णोद्धारात निघालेला लेखाचा दगड पायरीत वा पायात न घालता सुरक्षित ठेवावा. ग्रामपंचायतीने त्याची जागा नोंदवावी आणि शिक्षकांनी छायाचित्र घेऊन पुरातत्त्व खात्यास कळवावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूर येथेच आहे. या लेखांचे ठसे घेणे, वाचन करणे व ते प्रसिद्ध करणे हे तिचे कार्य आहे. मात्र लेख शाबूत असेल, तरच त्याचे वाचन होऊ शकेल.