विश्लेषण : उदास चालींसाठी वेगळा माउथ ऑर्गन घ्यावा का?

‘मायनर’ लिहिलेल्या हार्मोनिकात काय वेगळे असते, त्यावरची पट्टी कशी वाचायची आणि साध्या हार्मोनिकावरच काम कुठे भागते?

‘शोले’मधील (१९७५) जयचा माउथ ऑर्गन प्रत्यक्षात भानू गुप्ता यांनी वाजवला होता. त्याआधी ‘सोलवा साल’ (१९५८) आणि ‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटांत राहुल देव बर्मन यांचा माउथ ऑर्गन ऐकू आला. या सुरांच्या ओढीने अनेक जण हे छोटे वाद्य घेतात. सरळ, आनंदी चाली थोड्या सरावाने जमतात. पण कोमल गंधाराची चाल आली की हवा तो सूरच सापडत नाही. मग मोबाइलवर शोधताना ‘नॅचरल मायनर’, ‘हार्मोनिक मायनर’ असे प्रकार दिसू लागतात. वाशीम, कारंजा किंवा रिसोडहून असे वाद्य मागवायचे, तर ते बहुधा फोटो पाहूनच मागवावे लागते. चांगल्या कंपनीच्या नगाला काही हजार रुपये पडतात आणि तोंडाला लावायची वस्तू म्हणून अनेक विक्रेते उघडलेला नग परत घेत नाहीत. त्यामुळे निवड आधीच नीट व्हायला हवी.

साधा हार्मोनिका कुठे अडतो?

दहा छिद्रांच्या साध्या (डायटॉनिक) हार्मोनिकात २० पात्या असतात. प्रत्येक छिद्रात फुंकल्यावर एक सूर आणि श्वास आत ओढल्यावर दुसरा सूर येतो. ‘सी’ म्हणजे पांढरी १ चा हार्मोनिका घेतला, तर फुंकून सा-ग-प मिळतात आणि ओढून प्रामुख्याने रे-म-ध-नी. चौथ्या ते सातव्या छिद्रापर्यंत बिलावल थाटाचे पूर्ण सप्तक मिळते. त्याखालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत नसतात. ते सूर वाकवून, म्हणजे ‘बेंड’ करून काढावे लागतात. पेटीसारख्या काळ्या पट्ट्या इथे नसतात. सा तोच ठेवून कोमल ग किंवा कोमल ध थेट वाजवता येत नाही, अडचण तिथे सुरू होते.

‘पोझिशन’ म्हणजे काय?

सूर तेच ठेवून सा दुसऱ्या सुरावर मानायचा, याला हार्मोनिकावाले पोझिशन म्हणतात. आपल्या संगीतातील मूर्च्छनेची कल्पना माहीत असणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. हार्मोनिकाचा मूळ सा हाच सा मानला तर ती पहिली पोझिशन आणि थाट बिलावल. त्याच्या पंचमाला सा मानले की दुसरी पोझिशन, थाट खमाज. रिषभाला सा मानले की तिसरी, थाट काफी. धैवताला सा मानले की चौथी, थाट आसावरी. गंधाराला सा मानले की पाचवी, थाट भैरवी.

म्हणजे एका साध्या हार्मोनिकात कोमल गंधाराचे तीन थाट आधीच दडलेले आहेत. काफीसाठी सा चौथ्या छिद्रात ओढून मिळतो, भैरवीसाठी पाचव्या छिद्रात फुंकून. दोन्हींचे पूर्ण सप्तक मधल्या, वाजवायला सोप्या भागात येते. भजनाच्या शेवटी भैरवी वाजवायची असेल तर त्यासाठी नवा हार्मोनिका घेण्याची गरज नाही. आसावरीचे पूर्ण सप्तक मात्र सहाव्या छिद्रापासून दहाव्यापर्यंत जाते. सूर सगळे असतात, पण आवाज टिपेचा आणि कर्कश होतो.

मायनर हार्मोनिकात काय बदललेले असते?

काही पात्यांचे सूर कारखान्यातच अर्ध्या स्वराने उतरवलेले असतात. नॅचरल मायनरमध्ये, पहिल्या पोझिशनच्या हिशेबाने, गंधार आणि निषाद कोमल केलेले असतात. त्यामुळे पहिल्या पोझिशनमध्ये काफी आणि दुसऱ्या पोझिशनमध्ये आसावरी मिळते, तीही मधल्या सप्तकात. दुसऱ्या पोझिशनमध्ये सा दुसऱ्या छिद्रात ओढून आणि तिसऱ्या व सहाव्यात फुंकून येतो. खालच्या सप्तकातला रिषभ तेवढा तिसऱ्या छिद्रात बेंड करून काढावा लागतो.

हार्मोनिक मायनरमध्ये गंधार आणि धैवत कोमल असतात, निषाद शुद्धच राहतो. पहिल्या पोझिशनमध्ये हे थेट कीरवाणीचे सूर आहेत. साध्या हार्मोनिकाच्या कोणत्याही पोझिशनमध्ये ही जुळणी बेंड न करता मिळत नाही.

दुसरा फायदा स्वरमेळाचा, म्हणजे कॉर्डचा. साध्या हार्मोनिकात तीन छिद्रे एकदम फुंकली की मेजर कॉर्ड वाजते. मायनर कॉर्ड मिळते ती चार-पाच-सहा या छिद्रांत ओढूनच. नॅचरल मायनरमध्ये फुंकूनही मायनर कॉर्ड वाजते आणि खालच्या छिद्रांत ओढूनही. एकट्याने वाजवताना गाण्याला भरीव साथ मिळते ती यामुळे.

‘ए मायनर’ लिहिले म्हणजे सा कुठे?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. होनर ही जर्मन कंपनी नॅचरल मायनरवर पहिल्या पोझिशनची पट्टी लिहिते. ली ऑस्कर कंपनी त्याच प्रकारावर दुसऱ्या पोझिशनची पट्टी लिहिते. म्हणून ली ऑस्करचा ‘ए मायनर’ आणि होनरचा ‘डी मायनर’ हे एकाच सुरांचे हार्मोनिके आहेत. लेबल सारखे पाहून कंपनी बदलली, तर सा थेट मध्यमावर किंवा पंचमावर जाऊन पडेल. हार्मोनिक मायनरवर मात्र दोन्ही कंपन्या पहिल्याच पोझिशनची पट्टी लिहितात.

आपल्या पट्टीसाठी कोणता मागवायचा?

आधी चाल पेटीवर काढून पाहावी. गंधार कोमल आहे ना, याची खात्री करावी. मग उरलेले सूर पाहावेत. रिषभही कोमल असेल तर भैरवी, धैवत शुद्ध असेल तर काफी. या दोन्हींना साधा हार्मोनिका पुरतो. ध आणि नी दोन्ही कोमल, रे शुद्ध असेल तर नॅचरल मायनर. ध कोमल पण नी शुद्ध असेल तर हार्मोनिक मायनर.

आता पट्टी. समजा गायकाचा सा पांढरी २, म्हणजे ‘डी’ आहे.

काफी : साच्या एक पूर्ण स्वर खालचा साधा हार्मोनिका, म्हणजे पांढरी १, ‘सी’.

भैरवी : साच्या कोमल धैवताचा साधा हार्मोनिका, म्हणजे काळी ५, ‘बी फ्लॅट’.

आसावरी : साच्या मध्यमाचा नॅचरल मायनर, म्हणजे पांढरी ५. होनरचा असेल तर ‘जी मायनर’, ली ऑस्करचा असेल तर ‘डी मायनर’.

कीरवाणी : हार्मोनिक मायनर, थेट ‘डी मायनर’.

सा कोणताही असो, हिशेब हाच राहतो. काळी ४ मध्ये गाणाऱ्यानेही पेटीवर आपला मध्यम, कोमल धैवत शोधून तीच पट्टी मागवावी.

मागवण्यापूर्वी काय पाहावे?

छिद्रे मोजावीत. २४ छिद्रांचा ट्रेमोलो हे वेगळे वाद्य आहे. त्यात प्रत्येक सुराला किंचित फरकाने लावलेल्या दोन पात्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. त्यावर डायटॉनिकसारखे बेंड जमत नाहीत. बाजूला बटण असलेला क्रोमॅटिक घेतला तर एकाच वाद्यात बाराही सूर मिळतात, पण तो महाग आणि शिकायला वेळखाऊ असतो.

पट्टीच्या अक्षरापुढे लहान ‘एम’ आहे का आणि वर्णनात ‘नॅचरल’ की ‘हार्मोनिक’ हे स्पष्ट लिहिले आहे का, ते वाचावे. नुसते ‘मायनर’ लिहिले असेल तर विक्रेत्याला विचारूनच पैसे भरावेत. पहिलाच हार्मोनिका घेणाऱ्याने साधा ‘सी’ घेऊन तिसरी आणि पाचवी पोझिशन घोटावी. त्यानंतरही आवडत्या चाली हाती लागत नसतील, तर नेमका कोणता सूर कमी पडतो ते तोवर कळलेले असेल आणि मायनरची निवड त्यावरूनच करता येईल.