वास येण्याआधीच कळली सड

चाळीत भरलेला कांदा सडू लागला आहे, हे शेतकऱ्याला कळते ते वासावरून. चाळीजवळून जाताना उग्र दर्प आला, की आत कुठेतरी पाणी सुटले हे तो ओळखतो. पण नेमके कुठे? चार-पाच फूट उंचीचा ढीग बाहेरून ठणठणीत दिसतो. वास बाहेर येईपर्यंत एका सडक्या कांद्याचे पाणी आजूबाजूच्या कांद्यांवर गळालेले असते. मग चाळ फोडायची, मजूर लावायचे, खाद वेगळी काढायची आणि उरलेला माल त्या दिवशी असेल त्या भावाने विकायचा.

लासलगावच्या कल्याणी शिंदे या तरुण अभियंत्याने नेमका हा प्रश्न हातात घेतला. माणसाच्या नाकाला येण्याआधी हा वास यंत्राला आला तर? त्यांच्या ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या कंपनीची सुरुवात या प्रश्नातून झाली.

निफाड तालुक्यातल्या या गावात वाढणाऱ्या मुलाला कांदा शिकवावा लागत नाही. १९४७ पासूनची बाजार समिती, रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या रांगा, खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या बायका, गोल्टी वेगळी, खाद वेगळी, हे रोजचेच. आणि जे रोज दिसते त्याविषयी प्रश्न पडणेच अवघड असते. कल्याणी कांदा उत्पादक कुटुंबातल्या. शेतकऱ्यांचे हाल लहानपणापासून पाहिल्याचे त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितले आहे. संगणक अभियांत्रिकी शिकल्यावर अशा मुलांची वाट बहुधा पुणे किंवा बेंगळूरुकडे जाते. त्यांची वाट २०१८ च्या सुमारास नाशिकच्या ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’मध्ये गेली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या फाउंडेशनचे हे केंद्र तरुणांना समाजातले प्रश्न शोधून त्यांवर काम करायला लावते. आधी प्रश्न, मग तंत्रज्ञान, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे बरेचदा यंत्र आधी तयार होते आणि मग त्याला शेतकरी शोधला जातो.

आता मुळात कांदा का सडतो ते पाहू. चाळीत जातो तो मुख्यतः उन्हाळ कांदा. एप्रिल-मे महिन्यांत त्याची काढणी होते आणि नवा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाची गरज बहुतांशी तोच भागवतो. काढल्यानंतरही कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर टाकतो. त्यामुळे तीन वाटांनी घट होते. पाणी उडून वजन कमी होते, कोंब येतात आणि सड लागते. चार-पाच महिन्यांत एकूण घट तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पंचवीस टनांच्या चाळीत तीस टक्के घट म्हणजे पंचाहत्तर क्विंटल माल गेला. त्याचे बियाणे, खत, मजुरी सगळे आधीच खर्च झालेले असते.

सडीला जिवाणू आणि बुरशी कारणीभूत असतात. काढणीच्या वेळी कुदळ लागली, मान नीट वाळली नाही किंवा पावसात माल भिजला, तर त्यांना आत शिरायला वाट मिळते. जून-जुलैत हवेतली आर्द्रता वाढली की त्यांचे फावते. (घरात कांद्यावर दिसणारी काळी भुकटी हीदेखील एक बुरशीच. वरवरची असेल तर ते पापुद्रे काढून, कांदा धुऊन वापरता येतो. ती आतवर गेली असेल किंवा कांदा मऊ पडला असेल तर तो टाकावा. बुरशीची ॲलर्जी असणाऱ्यांनी असे कांदे हाताळणेही टाळावे.)

आता वासाकडे येऊ. कांद्यात गंधकयुक्त संयुगे भरपूर असतात. एरवी ती पेशीत एका बाजूला आणि त्यांच्यावर क्रिया करणारे विकर दुसऱ्या बाजूला असते. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात. विळीवर कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते ते यामुळेच. सडताना पेशी हळूहळू फुटत राहतात, त्यात जिवाणूंच्या विघटनाची भर पडते आणि वायू बाहेर पडू लागतात. सुरुवातीला त्यांचे प्रमाण इतके कमी असते की नाकाला पत्ता लागत नाही. वायू ओळखणाऱ्या संवेदकाला मात्र तो लागू शकतो. अशा कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या संवेदकात धातूच्या ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. विशिष्ट वायू त्याच्या पृष्ठभागावर आला की थराचा विद्युतरोध बदलतो आणि हा बदल मोजता येतो.

हे ऐकायला सोपे आहे, पण चाळ म्हणजे प्रयोगशाळेतली बंद पेटी नव्हे. कांद्याला वारा हवा म्हणून ती मुद्दाम मोकळी बांधतात आणि त्याच वाऱ्याबरोबर वायू विरून जातो. हवेतल्या दमटपणानेही संवेदकाचे आकडे हलतात. म्हणून तापमान, आर्द्रता आणि वायू ही तिन्ही मापे एकत्र वाचावी लागतात. गोदामच्या उपकरणात ती एकत्र घेतली जातात आणि बिघाडाची चिन्हे दिसताच मालकाला मोबाइलवर सूचना जाते. साठ्यातला सुमारे एक टक्का कांदा खराब झाला तरी ते कळते, असा कंपनीचा दावा आहे. नाफेडच्या साठवणुकीतही ही यंत्रणा बसवली गेली आहे.

अभियंत्याचे काम इथे संपते आणि नेतृत्वाची कसोटी सुरू होते. साधन चालते हे दाखवणे एक आणि तीस वर्षे चाळ सांभाळलेल्या माणसाने मोबाइलवरच्या सूचनेवर विश्वास ठेवून चांगला दिसणारा ढीग फोडणे दुसरे. दोनदा खोटी सूचना आली तर तिसऱ्यांदा तो फोन बघणारही नाही. लिलावात बोली लावणारे बहुतेक पुरुष आणि निवडीला बसणाऱ्या बायका, अशा व्यवसायात विशीतल्या मुलीने हे पटवून द्यायचे होते. मला यंत्र बनवण्यापेक्षा हे काम कठीण वाटते.

लासलगावात विज्ञानाचा आणखी एक धागा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये इथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याची कोंब फुटण्याची क्षमता जाते. कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही. पुढे या केंद्राचा लौकिक झाला तो आंब्यामुळे. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूस इथूनच विकिरण करून जाऊ लागला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन लाख टन कांद्याचा राखीव साठा केला, तेव्हा सुमारे दीडशे टन कांद्यावर विकिरणाचा प्रयोगही झाला. मात्र विकिरणाने कोंब थांबतात, आधीच शिरलेली सड थांबत नाही. संवेदक सडीची चाहूल देतो, पण उडून जाणारे पाणी तोही रोखू शकत नाही. त्यासाठी नीट वाळवलेली मान, सावलीत सुकवलेला माल आणि खालून वारा खेळणारी चाळ हेच उपाय आहेत.

सूचना आल्यावर शेतकऱ्याने काय करायचे, हा प्रश्न उरतोच. भाव पडलेला असताना, किंवा डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी एका रात्रीत लागू झाली असताना, सड कळूनही माल विकायला मन होत नाही. तेव्हा या यंत्राचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो. सगळी चाळ रिकामी करण्याऐवजी कोणता कप्पा आधी फोडायचा, हे ठरवता येते. त्या कप्प्यातली खाद काढून निवडलेला माल त्याच आठवड्यात बाजारात नेता येतो आणि बाकीचा कांदा भाव सुधारेपर्यंत ठेवता येतो.