डाव्या हाताचा समुद्र

आम्हां परभणीकरांचे पाणी म्हणजे गोदावरी आणि दुधना. समुद्र कॅलेंडरवर. बँकेत असताना दर मार्चएंडनंतर मी हिला कबूल करायचो, यंदा एलएफसी घेऊन कोकणात जाऊ. दर वेळी त्या सवलतीची रोख रक्कम घराच्या कामी जायची. हिने कधी शब्द काढला नाही. तेच आता जास्त लागते.

परवा नकाशा पसरला. अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीला उतरायचे, असा बेत. वाटेत चार खाड्या, चार फेरीबोटी : आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. मोटार बोटीवर चढवायची, मोठा वळसा वाचतो.

ही बराच वेळ नकाशावर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "अहो, समुद्र तर तुमच्या बाजूला येतोय. मी काय डोंगर बघू?"

खरेच की! पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे चालवणाऱ्याकडे. इटलीत वाहने उजवीकडून चालतात. तिथे सोरेंटोहून अमाल्फीकडे निघाले, की समुद्र शेजारी बसणाऱ्याच्या हाताला येतो. आपल्याकडे त्यासाठी दक्षिणेतून उत्तरेला यायला हवे. जन्मभर ताळेबंद जुळवणाऱ्याला एवढे सुचू नये!

बेत उलटा केला. अंबाजोगाई, सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. मग जयगडपासून वर. दिवाळी झाली की निघायचे. धपाट्यांचे पीठ किती घ्यावे, यावर घरात खल चालू आहे.

काल रात्री दिवा मालवल्यावर हिने विचारले, "बोटीवर गाडीतून खाली उतरू देतात ना?"

"देतात," मी म्हणालो.