लोकरीच्या मोज्यातलं अंडं

हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच पक्षी. १९४१ साली निसर्गात तो जेमतेम विशीच्या घरात उरला होता. हिवाळ्यात टेक्सासला दिसणारे हे क्रौंच घरटी कुठे करतात, ते कळलं १९५४ मध्ये. तेही वणव्यावरून परतणाऱ्या हेलिकॉप्टरमुळे. जागा निघाली कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातली दलदल. मादी बहुधा दोन अंडी घालते, जगतं मात्र एकच पिल्लू. म्हणून १९६७ पासून ‘कॅनेडियन वाइल्डलाइफ सर्व्हिस’चे जीवशास्त्रज्ञ एर्नी कुइट घरट्यातलं एक अंडं उचलून बंदिस्त पैदाशीसाठी पाठवू लागले. दलदलीतून ते न्यायचं कशात? जाड लोकरीच्या मोज्यात! (सरकारी खरेदीच्या यादीत मोजे नसावेत बहुधा.) आज वुड बफेलोत घरटी करणारा हा थवा पाचशेच्या पुढे गेला आहे.