ऊलान बाटोरचे हिवाळी धुरके

ऊलान बाटोरचे हिवाळी धुरके : मंगोलियाच्या राजधानीवर दर वर्षी ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पसरणारे कोळशाच्या धुराचे दाट आच्छादन. धूर व धुके यांच्या मिश्रणास धुरके म्हणतात. तथापि ऊलान बाटोरची हिवाळी हवा अत्यंत कोरडी असल्यामुळे तेथील धुरक्यात धुक्याचा अंश थोडा व धुराचा फार असतो. मंगोलियन भाषेत त्याला नुसते ‘उता’ म्हणजे धूर असेच म्हणतात. शहराच्या नावाचा अर्थ ‘लाल वीर’ असा आहे. त्यावर कोटी करून नागरिक आपल्या शहराचा ‘उतान बातर’ म्हणजे ‘धूम्रवीर’ असा उपहासाने उल्लेख करतात.

शहरातील मोटारगाड्या आणि कारखाने बारमाही चालतात. परंतु उन्हाळ्यात तेथील हवा पुष्कळच स्वच्छ असते. त्यामुळे या प्रदूषणाची कारणे प्रथम तेथील हिवाळ्यातच शोधावी लागतात. समुद्रसपाटीपासून सु. १,३०० मी. उंचीवर, तूल नदीच्या खोऱ्यात हे शहर वसले असून त्याच्या दक्षिणेस बोग्द खान ऊल हा पर्वत व इतर बाजूंस डोंगररांगा आहेत. जगातील राष्ट्रीय राजधान्यांमध्ये ही सर्वांत थंड होय. जानेवारीचे सरासरी तापमान −२०° से.च्याही खाली असते आणि रात्री ते अनेकदा −३०° से.पर्यंत उतरते. हिवाळ्यात सायबीरिया व मंगोलियावर वायुभाराचे प्रबळ उच्च क्षेत्र तयार होते. आकाश निरभ्र राहते व वारा जवळजवळ थांबतो. लांब रात्रीत हिमाच्छादित जमीन वेगाने उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा अधिक थंड व जड होऊन खोऱ्याच्या तळाशी साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येतो. तापमानाच्या या विपरीततेमुळे खालची हवा वर जाऊ शकत नाही. खोऱ्यावर जणू झाकण बसते. दुपारचे ऊनही इतके कोवळे असते, की हा थर पुष्कळदा दिवसभर फुटत नाही.

या झाकणाखाली साचणारा धूर मुख्यत्वे घरगुती चुलींचा असतो. शहराचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे दिसतात. मध्यभागी सोव्हिएट काळातील व त्यानंतरच्या बहुमजली इमारती असून त्यांना औष्णिक वीजकेंद्रांतून नळांद्वारे गरम पाणी मिळते; सप्टेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत या घरांतील भिंतींलगतचे नळ तापलेले असतात. भोवतालच्या टेकड्यांच्या उतारांवर मात्र लाकडी कुंपणे घातलेले भूखंड पसरलेले असून प्रत्येकात एखादे लहान घर किंवा ‘गेर’ उभे असते. गेर म्हणजे लाकडी सांगाड्यावर लोकरीचा नमदा अंथरून केलेला वर्तुळाकार तंबू. त्याच्या मधोमध पत्र्याची किंवा लोखंडी चूल असते व तिचे धुराडे छपरातून बाहेर काढलेले असते. आपल्याकडील पाणी तापविण्याच्या बंबाची आठवण व्हावी, अशी ही रचना आहे. या वस्त्यांत गरम पाण्याचे नळ नाहीत, बहुतेक ठिकाणी साधे पाण्याचे नळही नाहीत. शहरातील निम्म्याहून अधिक लोक तेथे राहतात. २०१९ पूर्वी असे प्रत्येक कुटुंब एका हिवाळ्यात साधारणतः तीन ते पाच टन कच्चा कोळसा जाळीत असे. शासकीय अंदाजानुसार हिवाळी प्रदूषणाचा सु. ८०% भाग याच चुलींकडे जात असे. उरलेला वीजकेंद्रे, लहान बाष्पित्रे, वाहने व धूळ यांचा होता.

गेरमध्ये राहणे ही मंगोलियन पशुपालकांची प्राचीन रीत असली, तरी राजधानीभोवतीची ही प्रचंड वस्ती अलीकडच्या काळातील आहे. १९९० नंतर समाजवादी राजवट संपली, पशुपालकांच्या सहकारी संस्था मोडल्या, जनावरे खाजगी झाली आणि संकटकाळी मिळणारा सरकारी चारा व इतर साहाय्य आटले. १९९२ च्या संविधानाने वास्तव्याचे स्वातंत्र्य दिले. त्यानंतर १९९९–२००२ व २००९-१० या काळांत ‘झुद’ कोसळले. उन्हाळी अवर्षणाने गवत खुरटावे आणि पुढच्या कडक हिवाळ्यात उरलेसुरले गवतही बर्फाखाली गाडले जावे, या आपत्तीस झुद म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली. कळप गमावलेली कुटुंबे गेर मोडून राजधानीत आली. २००३ च्या कायद्याने नागरिकांना ७०० चौ. मी.पर्यंतचा भूखंड मालकीने मिळू लागल्याने शहराच्या कडेला कुंपण घालून राहणे सोपे झाले. आज देशातील जवळजवळ निम्मे लोक या एकाच शहरात राहतात. धुरक्याचा उगम अशा रीतीने चुलीइतकाच दूरच्या कुरणांतही आहे, ही गोष्ट प्रदूषणाच्या चर्चेत अनेकदा सुटून जाते.

चूल सतत सारख्या प्रमाणात धूर ओकत नाही. थंड चूल पेटविताना, तसेच निखाऱ्यांवर नवा कोळसा टाकल्यावर तो पुरता पेट घेईपर्यंत, सर्वांत अधिक धूर होतो. त्यामुळे सकाळी लोक उठल्यानंतर आणि संध्याकाळी घरी परतल्यानंतर हवेतील सूक्ष्मकणांचे प्रमाण एकदम चढते. यांतील अडीच मायक्रोमीटरांहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यांचे २४ तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला २५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा होती (२०२१ मध्ये ती १५ वर आणण्यात आली). जानेवारी २०१८ च्या अखेरीस ऊलान बाटोरमध्ये तिच्या पंचवीसपटींहून अधिक प्रमाण नोंदले गेले. याची सर्वाधिक झळ लहान मुलांना पोहोचते. न्यूमोनिया हे तेथील बालमृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक असून हिवाळ्यात रुग्णालयांचे बालविभाग भरून जातात. प्रदूषणाबरोबर गर्भपातांचे प्रमाणही वाढते, असे रुग्णालयीन नोंदींवरून दिसून आले आहे.

रहिवाशांचे उपाय ऐपतीप्रमाणे बदलतात. इमारतींत राहणारी कुटुंबे खिडक्यांच्या फटी बुजवितात आणि हवा गाळणारी विजेची यंत्रे वापरतात. ही यंत्रे कितपत उपयोगी पडतात, याची पाहणी २०१४ पासून ५४० गर्भवती स्त्रियांच्या साहाय्याने करण्यात आली. यंत्रे दिलेल्या घरांत सूक्ष्मकणांचे प्रमाण सु. ३० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र काही महिन्यांनी गाळण्या जुन्या होताच हा लाभ बराच घटला. गेरमध्ये असे यंत्र फारसे उपयोगी पडत नाही, कारण चूल त्याच खोलीत असते आणि दार उघडले, की बाहेरचा धूर आत येतो. मुखपट्टी मात्र दोन्हीकडे दिसते. पण साध्या कापडी पट्टीतून सूक्ष्मकण सहज आत जातात. दुकानांतून ऑक्सिजन मिसळलेली फेसाळ पेये व फुप्फुसांसाठी म्हणून विविध चहा विकले जातात. त्यांचा धुरावर काही उपयोग होत असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. ज्यांचे नातेवाईक ग्रामीण भागात आहेत, ते थंडीच्या ऐन महिन्यांत मुलांना आजी-आजोबांकडे पाठवितात. साऱ्या उपायांत हाच खरोखर परिणामकारक म्हणावा लागेल, परंतु त्यापायी मुले आईबापांना आणि शाळेला दुरावतात. २०१६-१७ च्या हिवाळ्यात पालकांनी कडाक्याच्या थंडीत मुख्य चौकात जमून निदर्शने केली.

शासनाने प्रथम चूल बदलून पाहिली. २०११ नंतर परदेशी साहाय्याने हजारो सुधारित चुली अल्प किंमतीत देण्यात आल्या. चूल रिकामी करून, कोळसा भरून तो वरून पेटविल्यास त्या कमी धूर करीत. पण −३०° से.च्या रात्री चूल विझू देणे कोणाला परवडणार? लोक निखाऱ्यांवरच कोळसा टाकीत राहिले आणि अपेक्षित लाभ पूर्णपणे पदरात पडला नाही. जानेवारी २०१७ पासून गेर वस्त्यांना रात्रीच्या विजेवर सूट मिळाली. तथापि विजेच्या जुन्या तारा व रोहित्रे मोठा भार पेलण्याइतकी सक्षम नव्हती.

अधिक कठोर उपाय १५ मे २०१९ पासून अंमलात आला. शहराच्या मध्यवर्ती जिल्ह्यांत कच्चा कोळसा जाळण्यास बंदी झाली आणि त्याऐवजी धुतलेल्या कोळशाच्या उपपदार्थापासून दाबून घडविलेल्या वड्या अनुदानित दराने विकण्यात येऊ लागल्या. पुढच्याच हिवाळ्यात सूक्ष्मकणांचे प्रमाण लक्षणीय घटले. परंतु या वड्या धूर कमी करीत व अधिक वेळ धुमसत, आणि जुन्या, फटी पडलेल्या चुलींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू गेरमध्ये साचे. धुराची जी खूण एरवी माणसाला सावध करीत असे, ती नाहीशी झाली होती. २०१९ च्या शरद ऋतूत अनेक कुटुंबांना या वायूची बाधा होऊन काही माणसे दगावली. त्यानंतर धुराडी तपासण्याची मोहीम निघाली व धोक्याची सूचना देणारी यंत्रे वाटण्यात आली. हवेतील सल्फर डाय-ऑक्साइडचे प्रमाणही बंदीनंतर वाढलेले आढळले. धुरके त्यामुळे विरळ झाले असले, तरी नाहीसे झालेले नाही.

जानेवारी २०१७ मध्ये ग्रामीण भागातून राजधानीत येऊन स्थायिक होण्यावरही निर्बंध घालण्यात आले व ते २०२० पर्यंत टिकले. तरीही लोक आलेच. फक्त त्यांची नोंद होईना, आणि नोंद नसल्यामुळे शासकीय सेवांपासून ते वंचित राहिले. गेर वस्त्यांच्या जागी नळाने उष्णता मिळणाऱ्या इमारती उभारण्याच्या योजना अनेक वर्षे चालू आहेत. मात्र त्यांतील घरांच्या किंमती कळप गमावून आलेल्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच्या असतात, आणि उष्णता पुरविणारी केंद्रेही कोळशावरच चालतात. दरम्यान काही संस्थांनी गेरच्या नमद्याला जादा थर देणे, जमिनीखालून व दाराच्या फटींतून निसटणारी उष्णता अडविणे असे साधे प्रयोग केले आहेत. उष्णता टिकली, की कोळसा कमी लागतो आणि विजेच्या लहान तापकावरही निभावते. सुताराच्या व शिवणकाम करणाऱ्याच्या हातून होणारे हे काम असल्याने ते वस्तीतल्या वस्तीतच करून घेता येते.