सोडियम इलेक्ट्रॉन खुशीने देत नाही

शाळेत आपण शिकतो की सोडियमला बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो आणि क्लोरीनला नेमका एक कमी पडतो. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, मीठ तयार. गोष्ट लक्षात राहायला सोपी, पण आकडे तिला साथ देत नाहीत. वायुरूपातल्या एक मोल सोडियम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनने ते स्वीकारले की जेमतेम ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत तोटाच! तो भरून निघतो पुढे. धनभारित सोडियम आयन आणि ऋणभारित क्लोराइड आयन एकमेकांना ओढत स्फटिकात रचले जातात, तेव्हा तब्बल ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मिठाचं खरं श्रेय या आकर्षणाचं.

मग बाह्य कक्षेतल्या आठ इलेक्ट्रॉनांचा नियम खोटा का? तसं नाही. देवघेव कुठे थांबेल, हे तो बरोबर सांगतो. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या, भरलेल्या कक्षेतला; तो काढायला सुमारे ४५६२ किलोज्यूल लागतात आणि एवढी किंमत मिठाचा स्फटिक वसूल करून देऊ शकत नाही. मॅग्नेशियमचा दुसरा इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्याच कक्षेत असल्याने सुमारे १४५१ किलोज्यूलमध्ये निघतो. म्हणून सोडियम एका इलेक्ट्रॉनावर थांबतो, तर मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम दोन इलेक्ट्रॉन गमावतो.